तेल, खार आणि गोडलिंबाची कुंडी

वरणाचा पिवळा डाग साबणाने घासला की तो आधी लालभडक होतो. घरोघरी हे घडते आणि कोणी त्याचे नवल करत नाही. सदरा उन्हात टाकला की डाग जातो, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. घरी पहिल्यांदाच साबण करायला बसलेला माणूस मात्र इथेच चकतो. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून आली, ती घरात असतेच. तिचे दोन चमचे घातले की साबण छान पिवळा होईल, असा त्याचा हिशेब असतो. साच्यातून निघते ती विटकरी वडी. हळदीतले कर्क्युमिन क्षाराच्या संगतीत तांबूस पडते आणि हळूहळू मोडतेही. कुंकू करताना हळदीला जो रंग चढतो, त्यामागेही क्षाराचाच हात असतो.

वनस्पती घालून केलेल्या साबणाबद्दल जो काही उत्साह सध्या दिसतो, त्याची परीक्षा या विटकरी वडीत होते. नागपुरात दिवाळीच्या आधी लागणाऱ्या प्रदर्शनांत फेरी मारली तर कडुनिंब, कोरफड, संत्रे, तुळस, मुलतानी माती अशी नावे लिहिलेल्या वड्या हमखास दिसतात. सोबत ‘केमिकल-फ्री’ अशी पाटीही असते. ती पाटी खरी मानायची तर त्या वडीला साबण म्हणता येणार नाही.

कारण साबण ही चीजच मुळी तेल आणि तीव्र क्षार यांच्या रासायनिक संयोगातून होते. तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन स्निग्धाम्ले. कॉस्टिक सोडा ही जोडणी तोडतो, स्निग्धाम्लांशी स्वतः जुळतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. माप बरोबर असेल तर शेवटी सोडा उरत नाही. उरतो साबण, ग्लिसरीन, पाणी आणि मुद्दाम जास्त ठेवलेले थोडेसे तेल. कारखान्यात बहुतेकदा हे ग्लिसरीन वेगळे काढून विकतात. घरच्या वडीत ते जागच्या जागी राहते आणि ती अंगाला मऊ लागते. घरच्या साबणाची खरी मिजास या ग्लिसरीनमध्ये आहे, पाटीवरच्या पानाफुलांत नाही.

नागपूरच्या माणसाला हा विषय परका वाटू नये, याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही फार लांबची नाहीत.

पहिले वर्ध्यात आहे. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले. हातकागद, मधमाश्या, तेलघाणा यांच्याबरोबर साबणही या चळवळीच्या यादीत होता. त्यामागचा हिशेब सरळ होता. शेंगदाणा, तीळ, खोबरे यांची तेले माणसांनी खावीत. अंग आणि कपडे धुवायला कडुनिंब, करंज, मोह यांच्या बिया पुरेशा आहेत. निंबोळ्या तर उन्हाळा सरता सरता झाडाखाली आपोआप पडतात. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल घरोघरी काढत. क्षारासाठी सज्जीमाती आणि चुना वापरायचा. दोन्ही पाण्यात एकत्र आले की त्यांतून कॉस्टिक सोड्याचेच द्रावण तयार होते, म्हणजे खेड्यातला साबणही रसायनाविना नव्हता. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ‘अखाद्य तेल आणि साबण’ असा स्वतंत्र उद्योगच मानला. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

दुसरे कारण अमरावती रोडवर उभे आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. 1930 मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला ठेवला. त्या पैशातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था (एलआयटी) उभी राहिली. रासायनिक अभियांत्रिकीच्या बरोबरीने तेलाचे तंत्रज्ञान शिकवणारी संस्था म्हणून तिचे नाव झाले आणि 2023 मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशातल्या साबण आणि तेलाच्या कारखान्यांत ‘एलआयटीचा माणूस’ भेटला की नागपूरकराला बरे वाटते. गाणारांची आणि मल्लांची गावे असतात, तसे नागपूर हे तेल-साबणवाल्यांचेही गाव आहे, फक्त त्याचा गवगवा कुणी केला नाही.

साबणाचा स्वभाव ठरतो तेलावरून. खोबरेल तेलाचा साबण कडक होतो आणि भरपूर फेस देतो, पण नुसत्या खोबरेलाचा असेल तर त्वचा ओढल्यासारखी करतो. शेंगदाणा आणि तिळाचा साबण सौम्य, पण मऊ, फेस बेताचा. एरंडेल थोडे घातले की फेस दाट होतो आणि टिकतो. निंबोळी तेलाचा वास इतका उग्र की एकूण तेलात त्याचा वाटा दहावा भाग असला तरी न्हाणीघराला कळते. मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजते, त्याची वडी चांगली घट्ट होते. जवसाबाबत मात्र सावध राहिलेले बरे. विदर्भात जवस पिकतो, घाण्यावरचे ताजे तेल मिळते, म्हणून ते वापरायचा मोह होतो. हे तेल हवेशी फार लवकर संयोग पावते. रंगात आणि लाकडाच्या पॉलिशात त्याचा तोच गुण कामी येतो. साबणात त्याच गुणामुळे काही आठवड्यांत नारिंगी ठिपके उमटतात आणि वडीला खवट वास सुटतो. जवसाची चटणी करावी, साबण करू नये.

प्रत्येक तेलाला सोडा वेगवेगळा लागतो आणि घरच्या साबणातली सगळी कुशलता या एका गोष्टीत साठली आहे. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो, शेंगदाणा तेलाला 0.136, एरंडेलाला 0.128. समजा, खोबरेल 250 ग्रॅम, शेंगदाणा तेल 200 ग्रॅम आणि एरंडेल 50 ग्रॅम घेतले. गुणाकार करून बेरीज केली की 79 ग्रॅमच्या थोडे वर उत्तर येते. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे तेवढे तेल साबण न होता वडीत राहते आणि चुकून जास्त पडलेल्या सोड्यापासून अंगाचे रक्षण करते. राहिला 75 ग्रॅम सोडा. त्यासाठी पाणी 165 ग्रॅम. पाणी आणि तेलसुद्धा वाटीने नाही, ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर मोजायचे. अंदाजाने पुरणपोळी जमते. इथे अंदाज चुकला तर कातडी भाजते. शेंगदाण्याऐवजी घरात सोयाबीनचे तेल आहे म्हणून तेच ओतले, तर आकडे पुन्हा मांडावे लागतात.

सोड्याचे द्रावण करताना पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. द्रावण काही क्षणांत हाताला सोसवणार नाही इतके तापते आणि त्याची वाफ घशाला झोंबते, म्हणून हे काम खिडकीशी किंवा गॅलरीत करावे. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. भांडे स्टीलचे घ्यावे. जर्मनचे पातेले अजिबात चालत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमवर सोडा तुटून पडतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावे. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळायचा सल्ला ऐकू नये. लहान मुले आणि मांजर या वेळी दाराबाहेर असावीत.

द्रावण आणि तेल दोन्ही कोमट झाले की एकत्र करून घोटायचे. हँड ब्लेंडर असेल तर काही मिनिटांत मिश्रण भज्यांच्या पिठाइतके दाट होते आणि वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते. वास किंवा भुकटी घालायची ती याच टप्प्यावर. मग बटर पेपर लावलेल्या लाकडी पेटीत ओतायचे, एक-दोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि जाळीवर, हवेशीर जागी, चार ते सहा आठवडे ठेवायच्या. पहिल्या दोन दिवसांत बहुतेक सोडा संपून जातो. पुढचे आठवडे पाणी उडण्यासाठी असतात. तेवढ्यात वडी कडक होते, अंगाला सौम्य लागते आणि न्हाणीघरात पटकन विरघळत नाही.

बहुतेक पुस्तकांत आणि व्हिडिओंत ओतलेला साबण टॉवेलात गुंडाळून ठेवा, असे सांगतात. ते थंड देशांसाठी ठीक आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांशी खेळत असताना गुंडाळलेला साबण आतून तापून फुगतो, मधोमध भेगाळतो, क्वचित साच्यातून उतूही जातो. त्यात दूध, मध किंवा गूळ घातला असेल तर आणखीच. उलट डिसेंबरातल्या पहाटेच्या गारठ्यात खोबरेल गोठलेले असते. ते आधी वितळवून घेतले नाही तर मिश्रण खोटेच दाट दिसते आणि तेल-पाणी पुढे वेगळे होते. पावसाळ्यात वडीतले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते आणि तिच्यावर घामाचे थेंब जमतात. त्याने साबण बिघडत नाही, पण वाळायला वेळ लागतो. दिवाळीला वड्या हव्या असतील तर गणपती उठले की कामाला लागायला हवे.

आता पानाफुलांचे. तीव्र क्षाराच्या तडाख्यात फार थोड्या गोष्टी शाबूत राहतात. कडुनिंबातले अझाडिरॅक्टिन क्षारात टिकत नाही. लिंबू-संत्र्यातले क जीवनसत्त्वही नाही. पुदिन्याचा हिरवा रंग काही दिवसांत गवताळ तपकिरी होतो. लिंबाचा रस घातला तर त्यातले आम्ल सोडा खाऊन टाकते आणि तेवढे तेल साबण न होता पडून राहते; म्हणजे रसाचा गुण तर गेलाच, हिशेबही गेला. संत्र्याची गोष्ट नागपूरकराच्या जिव्हाळ्याची. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि हंगामात घराघरांत सालींचे ढीग पडतात. सालीतल्या सुगंधी तेलात मुख्य घटक लिमोनीन. ते इतके उडते आहे की वडी वाळेपर्यंत वास निम्माही उरत नाही. वाळवलेल्या सालीची बारीक पूड मात्र साबणात टिकते, किंचित खरखरीत लागते आणि बदामी छटा देते. रंगच हवा असेल तर किराण्यात मिळणारी रतनजोत तेलात भिजवून पाहावी: तेलात लाल, साबणात निळसर-जांभळी. कोळशाची पूड, गेरू, मुलतानी माती यांना क्षाराची पर्वा नसते.

पारदर्शक वडीत अख्खे हिरवे पान अडकलेले दिसले तर ती बहुधा ‘मेल्ट अँड पोअर’ असते. कारखान्यात झालेला साबणाचा तयार पाया आणून, वितळवून, त्यात वास आणि पान घालून पुन्हा साच्यात ओतलेला. यात फसवणूक आहे असे नाही. मुलांबरोबर रविवार घालवायला हा प्रकार चांगला, सोडा हाताळावा लागत नाही. पण घाण्याचे तेल वापरून, सहा आठवडे वाळवून केलेल्या वडीचे दाम त्याला मोजायचे कारण नाही.

वनस्पती अंगाला लावली म्हणजे ती औषध झाली का, हा प्रश्न तर न्यायालयातही लढला गेला आहे. विको कंपनीचे संस्थापक केशव पेंढरकर हे मूळचे नागपूरकडचे. मुंबईत जाऊन त्यांनी 1952 मध्ये दंतमंजनापासून सुरुवात केली आणि पुढे हळदीची क्रीम आली. ती आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन यावर उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला, कारण दोन्हींचा कर वेगळा. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विकोच्या बाजूने लागला. ते उत्पादन म्हणजे लावून ठेवायची क्रीम आहे, हे लक्षात घेण्यासारखे. साबण अंगावर मिनिटभर राहतो आणि पाण्याबरोबर मोरीत जातो. तेवढ्या वेळात तुळशीने त्वचेवर काय करावे, अशी अपेक्षा ठेवणे तुळशीवर अन्याय करणारे आहे.

तुळस कुंडीत जास्त उपयोगी पडते. घरच्या वनस्पतींचा विचार साबणाचा कच्चा माल म्हणून न करता रोजच्या स्वयंपाकाच्या आणि काढ्याच्या सोयीने केला, तर गच्चीवरची जागा सत्कारणी लागते. नागपुरात त्यासाठी दोन अडचणी ओलांडाव्या लागतात, माती आणि मे महिना. शेतात सोने पिकवणारी काळी माती कुंडीत मात्र दगड होते. पाणी दिले की चिखल, वाळली की भेगा, आणि मुळांना हवा नाही. तिच्यात तेवढेच कुजलेले शेणखत आणि निम्मी जाड रेती किंवा नारळाचा भुसा मिसळला तर ती वागायला लागते. कुंडीच्या तळाशी खापरीचे तुकडे टाकून भोक मोकळे ठेवावे.

उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधल्याशिवाय गच्चीवर पुदिना जगत नाही. पाणी सकाळी लवकर आणि गरज पडली तर सूर्य मावळल्यावर. तापलेल्या पाइपातले पहिले पाणी कुंडीत सोडायचे नाही; ते चटका बसेल इतके तापलेले असते. कूलरच्या टाकीतले जुने पाणी झाडांना घालायची सवयही अनेक घरांत आहे. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून हंगामाच्या मध्यावर ते पाणी चांगलेच खारट झालेले असते. पानांच्या कडा करपू लागल्या की बहुतेक लोक उन्हाला दोष देतात.

गोडलिंब पहिल्या वर्षी हलत नाही, मग एकदा मूळ धरले की नागपूरचे ऊन त्याला मानवते. शेंडे खुडत राहिले की झाड पसरते. गवती चहाचा एक ठोंब पावसाळ्याच्या सुरुवातीला लावला तर चार-पाच महिन्यांत कापणीला येतो आणि नंतर दर दोन-अडीच महिन्यांनी पाती देतो. सांभार लावायचा तर धणे चुरडून, दोन फाकी करून पेरावेत, आणि ते थंडीतच. फेब्रुवारीनंतर तो पाने सोडून फुलांच्या मागे लागतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड वर्षभर भरदार राहते. कोरफड मरत नाही, पण मेच्या थेट उन्हात तांबडी पडते, तिला आडोशाला सरकवावे. वाळ्याला खोल जागा हवी. जुनी सिमेंटची गोणी किंवा पिंप चालते. त्याच्या सुगंधी मुळ्या दीड वर्षाने काढायच्या. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या शहराला हे सांगायला नको. आणखी खोलात जायचे असेल त्यांनी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले नागार्जुन वनौषधी उद्यान बघून यावे. अडुळसा, ब्राह्मी, वेखंड यांची नावे ऐकलेली असतात, झाड ओळखता येत नाही.

या वनस्पती अंगालाच लावायच्या असतील तर त्यासाठी साबणापेक्षा जुनी आणि सोपी वाट आहे. उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा यांची पूड कोरडीच असते, क्षाराचा संबंध नाही. आधी तिळाचे तेल, वर बेसनात कालवलेले उटणे. बेसन जादा तेल टिपून घेते. केसांना रिठा आणि शिकेकाई. त्यांतले सॅपोनिन फेस करते आणि त्यांचे पाणी किंचित आम्ल असते. साबण नऊ-दहा पीएचचा, म्हणून त्याने केस राठ होतात. ही सगळी काष्ठौषधी इतवारीच्या दुकानांत सुटी मिळते आणि घरच्या मिक्सरमध्ये दळता येते.

बोअरच्या पाण्याबद्दलही बोलायला हवे, कारण घरच्या साबणाची निम्मी निंदा त्याच्यामुळे होते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट पांढरी साय धरतात, फेस येत नाही, बादलीला कड बसते. दुकानातल्या बऱ्याच वड्यांत यावर उतारा म्हणून क्षारांना बांधून ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. घरच्या वडीत ती नसतात. नळाच्या पाण्याने आंघोळ केली तर फरक लगेच कळतो. वडी बनवतानाही बोअरचे पाणी वापरू नये. आरओचे किंवा डिस्टिल्ड घ्यावे.

घरापुरता साबण केला तर कुणाची परवानगी लागत नाही. विकायला मांडला की तो 1940 च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली येतो. मग राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना, वेष्टनावर घटकांची नावे, बॅच क्रमांक, तारीख, वजन हे सगळे आले. ‘खाज बरी होते’, ‘इसब जातो’ असे लिहिले तर ती वडी थेट औषधाच्या रांगेत जाऊन बसते आणि तिथले नियम आणखी कडक आहेत. बचत गटांनी प्रदर्शनाचा गाळा घेण्याआधी ही चौकशी करून ठेवलेली बरी. निदान एवढे तरी आजपासून करता येते: प्रत्येक वडीच्या कागदावर तेलांची नावे, सोड्याचे वजन आणि ओतल्याची तारीख. तीन महिन्यांनी एखाद्या वडीवर नारिंगी ठिपके आले, तर कोणते तेल पुढच्या वेळी वगळायचे ते त्या कागदावर सापडेल.